भिंतीवरचा तो आणि पडवीतला मी

मित्रांनो, मी एक जुना रंगीत टीव्ही आहे. जुना म्हणजे पाठीला भलंमोठं पोक असलेला, उचलायला दोन माणसं लागणारा. आपली गोष्ट सांगायला बसलेली मंडळी सुरुवातीलाच आपण किती सालस आहोत ते सांगून टाकतात. माझ्याकडून तशी अपेक्षा करू नका. मी जळकुटा आहे. दुसऱ्याचं कौतुक झालं की माझ्या काचेच्या आत आग होते. हा स्वभाव मला कारखान्यातच चिकटला असावा, कारण श्रीवर्धनच्या दुकानात आलो तेव्हाही गिऱ्हाईक आधी शेजारच्या मोठ्या टीव्हीकडे वळायचं आणि मी खोक्यातल्या खोक्यात धुमसत राहायचो.

मला पसंत केलं सीताराम गुरुजींनी. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे. हातगाडीवर घालून त्यांनी मला घरी आणलं, तेव्हा त्यांच्या पत्नी पुतळाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी गाडीवाल्याला दटावलं, "हळू रं बाबा, काच हाय ती!" माझ्यासाठी त्यांनी निळ्या कापडाचा अभ्रा शिवला, त्याला पांढरी झालर लावली. बाहेरच्या खोलीत, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली माझी जागा ठरली. चौदा एप्रिलला आणि सहा डिसेंबरला आमची आळी लोटायची. माणसं जमिनीवर मांडी घालून बसायची, उशिरा आलेली दारात उभी राहायची आणि सगळ्यांचे डोळे माझ्यावर असायचे. ते दिवस आठवले की अजून माझी काच उजळते.

मग एक दिवस घरात तो आला.

गुरुजींचा मुलगा रत्नपाल शिष्यवृत्तीच्या परीक्षेत पास झाला म्हणून गुरुजींनी त्याच्यासाठी मुंबईहून व्हिडिओ गेम आणला. जेवणाच्या डब्याएवढा, करड्या रंगाचा प्लास्टिकचा डबा. वरून कॅसेट खुपसायची, पुढे दोन रिमोट जोडायचे. त्याच्या मागची वायर माझ्या अँटेनाच्या भोकात घुसली आणि माझ्या काचेवर रणगाडे धावू लागले. आळीतली सगळी पोरं ओरडली, "काय भारी गेम आहे रे!" आता तुम्हीच सांगा, चित्र माझं, रंग माझे, आवाज माझा, आणि कौतुक कुणाचं? त्या डबड्याचं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्यात भर म्हणजे चित्रात मुंग्या यायच्या. पांढऱ्या, काळ्या, सळसळणाऱ्या. रणगाडे त्या मुंग्यांतून वाट काढत फिरायचे. खोट गेमचीच होती. त्याच्या पोटात एक टिनची डबी होती. ती आधी चित्राची लहर करायची, जशी दूरदर्शन केंद्रावरून हवेत सोडतात तशी. मग ती लहर सोडवून मी पुन्हा चित्र करायचं. या उलटसुलट कारभारात चित्राची दशा होणारच. पण धपाटे कुणाला? मलाच! "टीव्ही बिघडला," म्हणत रत्नपाल माझ्या बरगडीवर थाप मारायचा. गेमला कुणी कधी बोटानेसुद्धा दटावलं नाही.

तरीही वर्षं गेली तशी त्याची मला सवय झाली. तो माझ्या पायाशी बसायचा. माझ्याशिवाय त्याला तोंड नव्हतं आणि मला हे फार आवडायचं. रत्नपाल शिकायला पनवेलला गेला, पुढे न्हावा शेव्याच्या बंदरात नोकरीला लागला, उलव्याला फ्लॅट घेऊन तिथलाच झाला. गुरुजी गेले. घरात पुतळाबाई, गेम आणि मी एवढेच उरलो. मला वाटलं, आता गेमवर धूळ बसणार.

बसली नाही. एका दुपारी, सुट्टीवर आलेला रत्नपाल गेम चालूच ठेवून बाहेर गेला असताना, पुतळाबाईंनी पुसायला म्हणून रिमोट उचलला, त्यांचं बोट बटणावर पडलं आणि माझ्या काचेवरचा रणगाडा एक पाऊल सरकला. त्यांनी पुन्हा बटण दाबलं. रणगाडा पुन्हा सरकला. फडकं तसंच मांडीवर राहिलं आणि संध्याकाळ कधी झाली ते त्यांना कळलं नाही.

पुतळाबाई गावातल्या बागायतदारीण सुचित्रावहिनींच्या वाडीत सुपारी सोलायला जात. वाळलेल्या सुपारीची साल काढायची म्हणजे पाटाला बसवलेल्या धारदार पात्यावर ती नेमक्या जागी दाबायची, मनगटाला हिसका द्यायचा, आणि आतलं फळ अखंड बाहेर काढायचं. दाब कमी पडला तर साल निघत नाही, जास्त झाला तर सुपारीला खोक पडते आणि चुकला तर बोटाला. पुतळाबाईंच्या हाताला एकही व्रण नव्हता. वाडीतल्या बाया म्हणायच्या, पुतळाबाईचं बोट पात्याला घाबरत नाही, पातंच तिच्या बोटाला घाबरतं.

तोच हात गेममध्ये चालायचा. त्या उगाच गोळ्या उडवायच्या नाहीत. शत्रूचा रणगाडा विटांच्या भिंतीच्या टोकाशी येईपर्यंत थांबायच्या, त्याचं नाक दिसलं रे दिसलं की एकच गोळी. काम तमाम.

त्यांची जोडीदारीण शकू. शेजारीच राहायची, वाडीत त्यांच्याच शेजारी बसून सुपारी सोलायची. शकूची खेळायची तऱ्हा वेगळी होती. ती डोळे बारीक करून बटण दाबत सुटायची, कुणीकडे का गोळी जाईना. दोघींचा नियम ठरलेला होता. जिचा रणगाडा आधी फुटेल तिने उठून चहा करायचा. म्हणजे चहा रोज शकूच करायची.

"शके, आलं घाल गो जरा," पुतळाबाई बसल्या जागेवरून सांगायच्या.

"घालते, घालते. एक दिस तुला उठवीन ना, तवा बग," शकू आतून ओरडायची.

वादळात घरावरचे पत्रे उडाले तेव्हा पुतळाबाईंनी स्वतःचं पांघरूण माझ्यावर टाकलं होतं, आणि गेमला पोटाशी धरून त्या कोपऱ्यात बसल्या होत्या. त्याला पोटाशी, मला पांघरूण! पण पांघरूण मोठं होतं, म्हणून मी मनाचं समाधान करून घेतलं.

आता खरी गोष्ट सुरू होते. गेल्या थंडीत पुतळाबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. रत्नपाल भेटायला आला आणि त्याने आईला मुंग्यांच्या चित्राकडे डोळे ताणून बघताना पाहिलं. पोराचा जीव कळवळला. पुढच्या खेपेला तो गाडीतून एक चपटं खोकं घेऊन आला. सोबत त्याचा मित्र धम्मदीप होता. तो बंदरातल्या क्रेनच्या वायरिंगचं काम बघतो, हात चांगला आहे त्याचा.

खोक्यातून तो निघाला. भिंतीवरचा. अंगाने पापडासारखा, रुंदीने मात्र दाराएवढा. मला उचलून पडवीत नेऊन ठेवलं आणि माझ्या जागेवर, तसबिरीशेजारी, त्याला टांगलं. पडवीत सुचित्रावहिनींच्या सुपारीचं पोतं आणि पात्याचा पाट होता. पुतळाबाई थोडं काम घरीही आणत. त्या पोत्याशेजारी मला बसवलं आणि जाता जाता कुणीतरी माझ्या डोक्यावर सुक्या बोंबलांचा डबा ठेवला. झालर असलेला अभ्रा कुठे गेला कोण जाणे! माझं तोंड घराकडे होतं, त्यामुळे उघड्या दारातून मला आतलं सगळं दिसायचं. ते दिसलं नसतं तर बरं झालं असतं.

धम्मदीपने गेमला बसायच्या पाटावर पालथं घातलं आणि त्याचे स्क्रू काढले. सोल्डरिंगच्या राळेचा धूर खोलीभर झाला. आधी त्याने ती टिनची डबी उपटून बाहेर काढली. "सगळा घोळ हिचा, काकी. आता चित्र थेट आतल्या चिपमधूनच उचलायचं," तो म्हणाला. मग एक बारकासा ट्रान्झिस्टर बसवून त्याने चित्राला जोर दिला आणि गेमच्या पाठीला भोकं पाडून त्यांत चित्रासाठी पिवळी आणि आवाजासाठी पांढरी अशा दोन खोबणी बसवल्या. तशाच दोन खोबणी माझ्याही पाठीला जन्मापासून होत्या. त्यांना आजवर कुणी हातही लावला नव्हता. माझा जिवाभावाचा सोबती माझ्या डोळ्यांदेखत नटत होता, आणि नटून दुसऱ्याच्या घरी निघाला होता. माझ्या पोटात असं दुखलं म्हणून सांगू!

भिंतीवरच्याला पिवळी वायर घ्यायलाही जागा नव्हती. त्याच्यासाठी मध्ये आणखी एक काळी डबी लावावी लागली. काडेपेटीएवढी, निळा दिवा मिचकावणारी. गेमचं जुनं चित्र ती आत घ्यायची, भिंतीवरच्याला समजेल अशा नव्या तऱ्हेत बदलायची आणि पुढे पाठवायची. म्हणजे एका टीव्हीपुढे नाचायला दोघांची चाकरी!

पण चित्र उमटलं आणि सगळे पुढे सरकून बघू लागले. एक मुंगी नाही. विटा विटांसारख्या, पाणी पाण्यासारखं. रणगाडे जरा आडवे फुगले होते, पण माझ्याखेरीज ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

"बग गो शके, विटंची रेघ पन दिसते!" पुतळाबाई लहान पोरीसारख्या हसल्या. रत्नपालने धम्मदीपच्या पाठीवर थाप मारली. मी पडवीत बोंबलाच्या डब्याखाली बसून ते ऐकलं.

दोघे मित्र गेले आणि दोघी मैत्रिणी खेळायला बसल्या. पुतळाबाई नेहमीसारख्या थांबल्या. शत्रूचा रणगाडा भिंतीच्या टोकाशी आला, त्याचं नाक दिसलं, त्यांनी बटण दाबलं. गोळी गेली, पण शत्रू पुढे सरकून गेला होता. त्याने वळून एकच गोळी मारली आणि पुतळाबाई फुटल्या. शकूचा रणगाडा अजून अंदाधुंद गोळ्या उडवत फिरत होता.

"चहा!" शकू किंचाळली. पुतळाबाई हसत उठल्या. एखाद्या वेळी व्हायचंच.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं आणि तिसऱ्या दिवशीही. शकूला काहीच फरक पडत नव्हता, कारण ती कधी नेम धरून मारतच नव्हती. पुतळाबाईंचा सगळा खेळ नेमक्या क्षणावर होता आणि तो क्षण रोज हुकत होता. आता रोज त्याच उठून चहा करू लागल्या. शकूचा तोरा काय वर्णावा! पदर खोचून बसायची आणि वर सांगायची, "साखर बेताची घाल हां."

मी खूश होतो. लबाडी कशाला करू? मला वाटलं, आता कंटाळतील, त्या चपट्याला नावं ठेवतील आणि मला बोलावतील. पण पुतळाबाईंनी चपट्याला नावं ठेवली नाहीत. एके दिवशी हरल्यावर त्या पडवीत आल्या, पायरीवर बसल्या आणि आपले दोन्ही हात समोर धरून कितीतरी वेळ बघत राहिल्या. त्यांच्या आईचे हात म्हातारपणी थरथरायचे, पाण्याचा पेलाही धरता यायचा नाही, हे त्या शकूला अनेकदा सांगायच्या. चित्र इतकं स्वच्छ, डोळे नवे, टीव्ही नवा. चूक हातांशिवाय दुसऱ्या कुणाची असणार? नव्या वस्तूवर संशय घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही. लेकाने कौतुकाने आणलेल्या वस्तूवर तर नाहीच नाही.

दुसऱ्या दिवशी त्या सुपारीच्या पाटावर बसल्या. एक सुपारी उचलली, पात्यापाशी नेली आणि हात थांबला. त्यांनी ती सुपारी पोत्यात परत टाकली. पोतं अर्धं तसंच राहिलं. त्या दिवसापासून त्या वाडीत गेल्या नाहीत आणि रिमोटलाही शिवल्या नाहीत.

सुचित्रावहिनी स्वतः चौकशीला आल्या. "पुतळाबाई, अहो बरं नाही का? ऐन कामाच्या दिवसांत तुम्ही नाहीत तर मला चुकल्यासारखं होतं."

"वैनी, हात गेला माजा," पुतळाबाई खाली बघत म्हणाल्या. "गेमात कळलं मला. बोट मागं पडतं. पात्यावर कदी जाईल सांगता येत न्हाय."

"अहो, पोरांचा खेळ तो..."

"खेळात खोटं चालत न्हाय, वैनी."

सुचित्रावहिनी मायाळू बाई. त्यांनी घरी जाऊन रत्नपालला फोन केला. तो शनिवारी धावत आला. आईने हात पुढे केले, त्याने धरून पाहिले. हात थरथरत नव्हते, पण त्याला ते थरथरताहेत असं वाटलं. भीती पोटात शिरली की असंच होतं.

"आई, तू चल आता उलव्याला. एकटी नको राहूस," तो म्हणाला. "तिथे लिफ्ट आहे, खालीच दवाखाना आहे. मी मोठ्या डॉक्टरची वेळ घेतो."

"घराचं काय?"

"कुलूप घालू. येत-जात राहू ना."

ज्या बाईने वादळात घर सोडलं नव्हतं, तिने मान हलवली. गुरुजींनी बांधलेलं घर, पुढची आळी, वाडी, शकू, सगळं त्या एका मानेच्या हलण्यात गेलं. रत्नपालने भंगारवाल्यालाही सांगून टाकलं, पडवीतला टीव्ही उचलून ने म्हणून. भिंतीवरचा मात्र त्यांच्यासोबत उलव्याला जाणार होता. मी त्या पोत्याकडे पाहिलं आणि पोतं माझ्याकडे पाहत असावं. टाकून दिलेले आम्ही दोघेच होतो, पण निदान त्याला परत न्यायला वहिनींचा माणूस तरी येणार होता.

निघायचा दिवस उजाडला. रत्नपालने सकाळीच भिंतीवरच्याला खाली उतरवून खोक्यात घातला, भोवती चादरी कोंबल्या. काळी डबीही त्याच खोक्यात गेली. भांडी बांधून झाली. टेम्पो दुपारी यायचा होता. गेम अजून खाली जमिनीवर होता, त्याला कुठल्या पिशवीत घालावं ते ठरत नव्हतं.

तेवढ्यात शकू आली. रडून डोळे सुजलेले, पण तोंड नेहमीसारखंच चालू.

"रत्न्या, लाव तो गेम. एक डाव खेळून जाऊ दे तुज्या आईला."

"मावशी, टीव्ही पॅक झाला."

"मंग ह्यो काय हाय?" शकूने माझ्या डोक्यावरचा बोंबलाचा डबा उचलून खाली आदळला. "ह्यो मेला काय?"

मेलो नव्हतो हो! रत्नपाल कंटाळला होता, पण मावशीच्या तोंडाला कोण लागणार? त्याने माझी वायर लावली. मग गेम उंबऱ्यापाशी आणून जोडायला गेला तर गेमची जुनी वायर कुठून निघणार, टिनची डबी तर केव्हाच फेकली होती. त्याने मला तिरकं करून पाठीमागे डोकावलं, बोटाने कोळिष्टकं बाजूला केली आणि म्हणाला, "अरे, याला पिवळं-पांढरं आहे की!"

पिवळी वायर माझ्या पाठीत शिरली. मित्रांनो, इतकी वर्षं त्या सोबत्याचं चित्र मी मुंग्यांच्या पडद्याआडून दाखवत आलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा ते नितळ माझ्या काचेवर उतरलं. लाल खरंच लाल होतं. ज्या दुरुस्तीवर मी एवढा जळफळलो, ती माझ्याच पदरात पडली होती.

"ये पुतळे," शकूने हाक मारली.

"न्हाय. तू खेळ." पुतळाबाई बांधलेल्या भांड्यांवर बसल्या होत्या. त्यांनी मान फिरवली.

शकू एकटीच खेळू लागली. बटण बडवत, तोंडाने आवाज काढत. एक शत्रू फुटला. दुसरा फुटला. कुणाच्याही नेमाशिवाय, निव्वळ नशिबाने. "बगितलंस? आता मी हरत न्हाय," ती ओरडली. "तू जा खुशाल. आळीत माज्यावानी कोन खेळनारं न्हाय आता. सुचित्रावैनीला पन सांगते, पुतळाबाईच्या जागी मला बसव."

मी पुतळाबाईंचा चेहरा पाहत होतो. त्यांचे ओठ आवळले गेले. कपाळावर आठी चढली. त्या आधी तिरक्या डोळ्यांनी बघत होत्या, मग सरळ बघू लागल्या, मग मानच पुढे आली. मला ती नजर ओळखू आली. दुकानात शेजारच्या मोठ्या टीव्हीकडे मी तसाच बघायचो. जळत होत्या पुतळाबाई! शकू आपल्यापेक्षा सरस ठरली ही गोष्ट त्यांना हाताच्या दुखण्यापेक्षा जास्त सलत होती.

"असं खेळत्यात व्हय? सगळी भिंत फोडून टाकलीस, भवाने!" त्या ताडकन उठल्या आणि दुसरा रिमोट उचलून बसल्या.

शत्रूचा रणगाडा उतरला. पुतळाबाई थांबल्या. मीही थांबलो. तो भिंतीच्या टोकाशी आला. त्याचं नाक दिसलं. बोट पडलं आणि त्याच क्षणी गोळी सुटली. माझ्याकडे उशीर नाही, मित्रांनो. हातात आलं की मी दाखवतो, मध्ये विचार करत बसत नाही. शत्रूच्या चिंधड्या झाल्या.

पुतळाबाईंनी पुढचाही तसाच टिपला. त्याच्या पुढचाही. शकूचा रणगाडा मधेच कधीतरी फुटला, पण ती उठली नाही. रत्नपाल हातातली दोरी तशीच धरून उभा होता. टप्पा संपला तेव्हा पुतळाबाईंनी रिमोट खाली ठेवला. त्या सरळ पडवीत, माझ्या शेजारी आल्या. पाट ओढला. पोत्यातून एक सुपारी काढली.

"आई, नको!" रत्नपाल पुढे धावला.

त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. सुपारी पात्यावर टेकली, मनगटाचा हिसका बसला, साल बाजूला झाली आणि आतलं फळ अखंड त्यांच्या तळहातावर आलं. त्यांनी ते फिरवून फिरवून पाहिलं. मग त्या रडायला लागल्या. इतके दिवस त्यांनी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं.

"हात हाय माजा," त्या म्हणाल्या. "हाय तसाच हाय. तो भिंतीवरचा उशिरा ऐकतो, रत्न्या."

रत्नपालने तिथूनच धम्मदीपला फोन लावला आणि आवाज मोठा केला. धम्मदीपने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अरे हो. त्या डबीत चित्र बदलायला थोडा वेळ जातो, आणि नवा टीव्हीपण चित्र गुळगुळीत करत बसतो. डोळ्याला कळत नाही ते, बोटाला कळतं. टीव्हीत गेमसाठी वेगळी सेटिंग असते, ती लावायची राहूनच गेली. चित्र एवढं मस्त आलं, त्या नादात... काकी, चुकलं हो."

"तू चांगलंच केलंस रं," पुतळाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "चित्र लई चांगलं हाय."

रत्नपाल आईसमोर पडवीतच खाली बसला. "आई, तू म्हणालीस हात गेला आणि मी लगेच खरं मानलं. एकदा पण तुला म्हटलं नाही की चल, सुपारी सोलून दाखव."

"मी पन खरंच मानलं की." पुतळाबाईंनी त्याच्या हातातली दोरी काढून घेतली. "जा, भांड्यांच्या गाठी सोड."

टेम्पो आला तो रिकामा परत गेला. शकू तोवर आत जाऊन चूल पेटवत होती आणि तिचा बडबडाट चालू होता. आपण मुद्दामच वाडीतल्या जागेचं बोललो, नाहीतर ही बया उठली असती का, असं ती ओरडून सांगत होती. खरंच मुद्दाम बोलली की हरल्यावर सुचलं, ते मला अजून समजलेलं नाही.

आता मी पुन्हा आत आहे. भिंतीवरचाही आहे, बातम्या आणि मालिका तो दाखवतो. दिसतो छान, आणि ते मला अजूनही खुपतं. गेम माझ्या पायाशी आहे. पुतळाबाई वाडीत जातात, आणि तिथून आल्या की आधी घरचं पोतं घेऊन बसतात, मग माझ्याकडे येतात. त्या पोत्याचाही मला राग येतोच. स्वभावाला औषध नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना कोरड्या फडक्याने पुसा, डोक्यावर बोंबील ठेवू नका, भंगारवाल्याला बोलवायच्या आधी एकदा वायर लावून बघा, हे तर मी सांगणारच. पण आणखी एक मागणं आहे. तुमच्या घरात कुणी आजी किंवा आजोबा अचानक चुकायला लागले, मागे पडायला लागले, तर "आता वय झालं" असं पटकन म्हणू नका. ते बिचारे तुमचं लगेच खरं मानतात आणि गुपचूप आपलं काम खाली ठेवतात. तुम्ही मायेने त्यांच्यासाठी काय नवं आणून ठेवलंत, ते आधी काढून बाजूला ठेवा. मग त्यांच्या हातात त्यांचं काम द्या आणि समोर बसून बघा.